बूयाचे पैसे

मार्लो हार्बर, विस्कॉन्सिन
रविवार, २३ जुलै २०२३

प्रिय क्लेम,

माझं अक्षर पाकिटावर बघून दचकू नकोस. इथे सगळे जिवंत आहेत. फोन केला असता तर तू "डेल, बैठकीत आहे, मग बोलतो" म्हणाला असतास, आणि ते 'मग' नाताळला उगवलं असतं. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तुझं पाठीचं दुखणं कसं आहे? मिलवॉकीत उकाडा फार आहे म्हणे. आमच्याकडे सरोवरावरून वारा येतो, त्यामुळे चाललंय. चेरी यंदा एवढी लागली की जॅनीनच्या फ्रीजरचं दार दोरीने बांधून ठेवलंय. जॅनीन वृद्धाश्रमात दोन-दोन पाळ्या करते. माझ्या लेकीला बसून कॉफी पिताना मी ईस्टरनंतर बघितलेलं नाही. माझा डावा गुडघा कुरकुरतो, उजवा त्याची समजूत घालतो. लुडविन एक्क्याऐंशीची झाली, तरी चर्चच्या बूयाच्या हंड्यात मीठ घालायला अजून कुणाला हात लावू देत नाही.

जॅनीनची ब्रिएल इथेच आहे. सुट्टी चालू आहे ना. जरा विसावा घेते आहे.

यंदाचा बूया १७ सप्टेंबरला धरलाय, तोच आपला कोंबडी-भाज्यांचा रस्सा, विकून आलेले पैसे पोरांच्या शिक्षणाला. गेल्या मंगळवारी चर्चच्या तळघरात त्याची बैठक झाली. तुला आठवत असेल, काम कमी आणि केक जास्त. लुडविन टेबलावर हात आपटून म्हणाली, "ब्रिएलचं हे शेवटचं वर्ष. यंदा दोन हंडे जास्त चढवू. पोरगी एकदा नर्स झाली की माझ्या पायाला इंजेक्शन फुकट!"

सगळ्या हसल्या. ब्रिएल कोपऱ्यात खुर्च्या मांडत होती. ती म्हणाली, "लुडविन आजी, यंदा माझ्यासाठी करू नका."

"का गं? लॉटरी लागली?"

"नाही."

"मग डॉक्टर गाठलास की काय एखादा? सांग की, त्याच्यासाठी तिसरा हंडा चढवू."

पुन्हा हशा. पण पोरीने हातातली खुर्ची तशीच अर्धवट उघडी ठेवली आणि जिना चढून बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. ट्रकमध्ये बसली होती, काचेकडे बघत. मी म्हटलं, "काय गं, थट्टा कधीपासून तुला झोंबायला लागली?" तर म्हणाली, "आजी, ते पैसे मला कधी मिळालेच नाहीत."

क्लेम, मला तर वाटलं, आपल्यातल्याच कुणीतरी हात मारला. मनातल्या मनात मी दोघींना चोर ठरवूनही टाकलं, देव मला क्षमा करो. पण ती म्हणाली, "कुणी चोरले नाहीत. कॉलेजला पोचले. पण तुम्ही जेवढे पाठवले तेवढेच कॉलेजने मला देत असलेल्या मदतीतून कापले. तिन्ही वर्षं."

तुला हे समजावून सांगायची गरज नसावी. पण मला ते कसं समजलं ते ऐक, म्हणजे तुझ्या-माझ्या समजण्यात फरक आहे का ते कळेल. कॉलेज बघतं की घरात पैसा किती येतो, शिक्षणाला किती लागतो, आणि मधे कमी किती पडतो. त्या कमीपैकी बरंचसं कॉलेज आपल्या पदरचं भरतं. पण सगळं नाही. खाली थोडं उरतंच. त्या उरलेल्यासाठीच आमचा बूया. आम्ही वरून तीन हजार डॉलर ओतले, आणि त्यांनी खालची तोटी उघडून तीन हजार काढून घेतले. हंडा जिथे होता तिथेच. वर ब्रिएलचा हसरा फोटो वर्तमानपत्रात, दोन्ही हातांत पुठ्ठ्याचा मोठा चेक धरलेला!

आणि ही सगळी आपल्याच सरळपणाची करामत. आम्ही ते पैसे पोरीच्या हातात कोंबले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण नाही, देवाच्या घरचा पैसा, सगळं रीतसर हवं! चर्चचा शिक्का, फादरची सही, पोरीचं नाव ठळक अक्षरात, आणि मी व लुडविन स्वतः गाडी करून कॉलेजच्या खिडकीवर नेऊन देणार. सोबत कचेरीतल्या पोरींसाठी सुक्या आलुबुखारांचा, ओव्हनमध्ये भाजलेला गोड प्रून पाय. तीन वर्षं आम्ही आमच्या हाताने ते पैसे तोटीखाली नेऊन ठेवले, आणि वर प्रून पायही चारला.

मी शुक्रवारी त्या कचेरीत गेले होते. एकटी. तिथली बाई तरुण आहे, वागायला गोड. मला पाणी दिलं. म्हणाली, "मॅडम, तुमच्या नातीचं काही नुकसान झालेलं नाही. तिची एकूण मदत तेवढीच राहिली. फक्त स्रोत बदलला."

मी म्हटलं, "बाळ, तुझ्या आईने तुला वाढदिवसाला शंभर डॉलर दिले आणि मालकाने पगारातून शंभर कापले, तर तू त्याला काय म्हणशील? स्रोत बदलला?"

ती लाल झाली. हळूच म्हणाली, "नियम विश्वस्तांनी केलाय. मी फक्त राबवते." तिच्यावर माझा राग नाही. पाणीही थंड होतं.

आता मघाशी लिहिलेलं खोडायला हवं. ब्रिएल विसाव्याला आलेली नाही. एप्रिलमध्येच ती कॉलेज सोडून आली आहे. जे कमी पडत होतं ते भरायला दोन वर्षं ती चीजच्या कारखान्यात रात्रपाळी करत होती आणि सकाळी तशीच वर्गात जाऊन बसत होती. यंदा ते झेपेना, म्हणून तिने दोन विषय सोडले. विषय सोडले म्हणून ती पूर्ण वेळची विद्यार्थिनी उरली नाही. पूर्ण वेळची नाही म्हणून होती ती मदतही निम्मी झाली. आता मागची बाकी भरल्याशिवाय शेवटच्या वर्षाला नाव घालून घेत नाहीत. मुदत १८ ऑगस्ट. त्यानंतर नर्सिंगची तिची जागा दुसऱ्याला जाईल. सध्या ती दिवसपाळीला आहे. चीजच्या विटा खोक्यात भरते. गुण चांगले होते रे तिचे. मी आजी म्हणून सांगत नाही.

मी विचारलं, "आम्हाला आधी का नाही बोललीस?" तर म्हणाली, "बूयाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या जिना कशा उतरता ते मी बघते ना, आजी. एकेक पायरी, कठड्याला धरून. कोणत्या तोंडाने सांगू?"

क्लेम, तू त्या विश्वस्तांत आहेस. पैशांच्या समितीचा तू प्रमुख आहेस, हे तुझ्या नाताळच्या कार्डावर छापलेलं असतं. मला एवढंच सांग, हा नियम तुला माहीत होता का?

बाबांच्या वल्ह्याचा विषय मी काढणार नाही. काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

तुझी बहीण,
डेल्फीन


गुरुवार, १० ऑगस्ट

प्रिय क्लेम,

तुझं पत्र पोचलं. आत चेक आहे तेही बघितलं. आधी पत्राबद्दल बोलते.

खरं सांगितलंस, यासाठी तुला मानते. "डेल, नुसता माहीत होता असं नाही, मी त्याच्या बाजूने हात वर केला होता" हे वाक्य लिहायला तुला जड गेलं असेल. मला वाचायला त्याहून जड गेलं. स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होते, खाली बसले. मग उठून सगळी भांडी पुन्हा घासली, घासलेली होती तरी.

तुझं म्हणणं मी नीट दोनदा वाचलं. बाहेरून पैसे मिळणाऱ्या मुलाची मदत थोडी काढली की ती दुसऱ्या गरजू मुलाला देता येते, म्हणून तो नियम न्यायाचा वाटला, असं तू लिहितोस. ऐकायला छान आहे. मलाही क्षणभर वाटलं, चला, ब्रिएलचे गेले, पण कुणा दुसऱ्या गरिबाच्या पोरीला तर मिळाले. मग मी विचार केला, त्या दुसऱ्या पोरीचं तरी भागलं का? तिलाही खाली थोडं कमी पडतच असणार. म्हणजे एका उपाशी पोराच्या ताटातली पोळी अर्धी करून दुसऱ्या उपाशी पोराला द्यायची, आणि म्हणायचं, बघा, आमच्याकडे दोघं जेवले! दोघंही अर्धपोटी उठतात रे. आणि अर्धपोटी पोर रात्रपाळीला जातं. अर्धी डिग्री कुणाच्या कामाची? अर्ध्या नर्सच्या हातून तू सुई टोचून घेशील?

आणि वाटायचेच असतील तर सांगून वाटा ना. दारावर पाटी लावा की बूयाचे पैसे आम्ही आमच्या मनाने खर्च करू. बघू कोण सकाळी चारला उठून कोंबड्या सोलतं ते. आमच्याकडून पोरीच्या नावाने घ्यायचे, आम्हाला छापील आभार पाठवायचे, पोरीला अंगठा दाखवायचा! याला तुमच्या बैठकीत काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या तळघरात याला जे म्हणतात ते फादरच्या भीतीने इथे लिहीत नाही.

आता चेक. "ब्रिएलला दे, कॉलेजला कळवायची गरज नाही" असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. समितीचा प्रमुख आपल्याच नियमाला मागच्या दाराने चकवतो, हे वाचून मला हसू आलं आणि मग रडूही आलं. खरं सांगू, मला तो चेक फाडून, तुकडे पाकिटात घालून, तिकिटाचे पैसे तुझ्याकडून वसूल करून परत पाठवायचा होता. पाकिटही काढलं होतं. पण पैसे माझ्यासाठी आले नव्हते, म्हणून ब्रिएल कामावरून आल्यावर तिच्यासमोर ठेवला.

तिने बघितला. उलटा करून बघितला. मी म्हटलं, "तुझ्या क्लेममामाने पाठवलाय. त्याला पश्चात्ताप झालाय. आपण काही भिकारी नाही. परत करायचा तर मी तुझ्या बाजूने आहे."

ती म्हणाली, "परत? आजी, तुला वेड लागलंय का?"

"अगं, पण स्वाभिमान..."

"स्वाभिमान मी डिग्री मिळाल्यावर बघेन. पगार मिळाला की विकतही घेईन, दोन घेईन, एक तुला. आत्ता पेन दे."

मग चेकच्या पाठीवर सही करता करता थांबली. म्हणाली, "क्लेममामाला आभार सांग. मनापासून सांगते, हं. पण हेही विचार, की युआ व्हांगला कोणता मामा आहे?"

युआ तुला माहीत नसेल. व्हांगांचं घर जुन्या कॅनिंग कारखान्याशेजारी आहे, बाप गोदीत काम करतो. चर्चच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. बूयाचे पुढचे पैसे तिच्या नावाने ठरले आहेत. ब्रिएल यंदा नको म्हणाली ना, तिनेच ती अर्धवट उघडी खुर्ची पुरती उघडून तिला दिली असं समज. पोरीला तुमच्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि तिची आई भेटेल त्याला सांगत सुटली आहे, चर्चवाले पाठीशी आहेत, आता काळजी नाही. माझी तिला तोंड दाखवायची हिंमत होत नाही. परवा दुकानात ती समोरून आली तर मी मांजरांच्या खाण्याच्या फडताळांमागे जाऊन उभी राहिले. मांजर मेल्याला चार वर्षं झाली.

तर ब्रिएलचे आभार पोचवले. प्रश्नही पोचवला.

डेल्फीन


रविवार, २७ ऑगस्ट

प्रिय क्लेम,

ब्रिएलला काल कॉलेजवर सोडून आले. मुदतीच्या आदल्या दिवशी बाकी भरली गेली, नाव घातलं गेलं. जॅनीनने सुट्टी काढली, म्हणजे बघ. पोरीची खोली जिन्याखाली आहे आणि खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात, पण ती म्हणाली, "आजी, बुटांवरून माणसं ओळखायला शिकेन." चादर घालताना गुणगुणत होती. एप्रिलपासून मी ते ऐकलं नव्हतं. हे तुझ्यामुळे झालं. तेवढं तुझ्या नावावर मी मांडलंय आणि ते पुसणार नाही.

पण परवा फोनवर तू म्हणालास, "आता झालं ना मनासारखं? बायकांना उगाच काही सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." तेव्हा मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. ते 'बरं' होकाराचं नव्हतं. ओव्हनमध्ये प्रून पाय करपत होता.

झालं नाही, क्लेम.

बायकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ब्रिएलची फी भरली गेली एवढंच त्यांना माहीत आहे. लुडविनला वाटतं की आमच्याच पैशांनी भरली गेली. काल तिने मला थांबवून विचारलं, "बघ डेल, फळाला आलं की नाही?" मी मान हलवली. तिने कमरेवर हात ठेवून मोठ्या ऐटीत दहाच्या दहा हंडे मोजले, जणू तिचीच पोरं शाळेच्या रांगेत उभी आहेत. मूग गिळून बसायची मला सवय नाही. माझा घसा दुखायला लागलाय.

म्हणून आता वल्ह्याचा विषय काढते. दोन पत्रं टाळला.

ते अजून आहे, चर्चच्या कोठीत, भिंतीला टेकवलेलं. बाबांच्या नावेचं. पातं धुराने काळं झालंय आणि मधे घासून घासून पातळ झालंय. आज कार्यकर्त्यांपैकी निम्म्यांना ते कुणाचं आहे हेही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, बूया ढवळायला वल्हं लागतंच, जशी चुलीला लाकडं लागतात. पण तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे की १९६८ सालापर्यंत आपल्या चर्चमध्ये बूया नव्हता. त्या वर्षी तुझं कॉलेजचं पत्र आलं, आणि बाबा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत, कारण पैसे नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी शेजारच्या गावातून हंडा मागून आणला, नावेतलं वल्हं काढून किटण घासून साफ केलं, आणि चर्चच्या मागच्या अंगणात चूल पेटवली. लोकांनी आपापल्या घरच्या बादल्या आणल्या, बादली भरून बूया नेला आणि पैसे टेबलावर ठेवले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी कोबी आणले. मी तेव्हा कॅनिंग कारखान्यात डबाबंद करायचे वाटाणे निवडत होते, पाळी संपवून थेट कांदे चिरायला आले. या गावातला पहिला बूया तुझ्यासाठी झाला, क्लेम. पुढचे सगळे त्याच चुलीवर.

ते पैसे घेऊन बाबा त्याच कॉलेजच्या खिडकीवर गेले होते. तेव्हा तिथे बसलेल्या माणसाने ते मोजून घेतले, तुझ्या नावावर लावले, आणि उठून बाबांशी हात मिळवला. तोटीबिटी काही नव्हती. तू चार वर्षांत शिकून बाहेर पडलास, एकही रात्रपाळी न करता. तुझ्यात आणि ब्रिएलमध्ये हुशारीचा फरक नाही. खालून कुणी काढून घेतलं नाही, एवढाच फरक.

तू हात वर केलास तेव्हा हे तुला आठवलं नाही का, असं मी विचारणार होते. पण विचारत नाही. मला वाटतं, तुला खरंच आठवलं नसेल, आणि त्यात तुझा सगळाच दोष नाही. कारण त्या दिवशी तू चुलीजवळ नव्हतास. तू दोनदा पुढे आलास, "बाबा, मी ढवळतो" म्हणालास. बाबांनी तुला कोपराने मागे सारलं. "लांब उभा राहा. अंगाला धुराचा वास लागला तर तिकडची मुलं काय म्हणतील?" तुझा एकुलता एक कोट होता. तू अंगणाच्या कुंपणाशी स्वच्छ कपड्यांत उभा राहिलास, आणि बाबांचे डोळे धुराने गळत होते. त्यानंतर आम्ही कधी तुला चुलीजवळ येऊ दिलं नाही, आणि मग तूही आला नाहीस. आम्हीच तुला स्वच्छ ठेवलं.

आता ऐक. १७ सप्टेंबरला, रविवारी, पहाटे चारला चुली पेटतील. तू शनिवारीच ये, तुझ्या जुन्या खोलीत चेरीचे डबे आहेत ते मी हलवते. सकाळी तू त्या बायकांच्या समोर उभा राहून, तुझ्या तोंडाने, त्यांचे तीन वर्षांचे पैसे कुठे गेले ते सांगायचंस. मी सांगणार नाही. लुडविन ओरडेल. ओरडू दे, तिच्या हातात मिठाचा डबा असतो, सुरी नसते. व्हांगबाईंनाही मी बोलावलंय. त्यांना तू विश्वस्तांच्या ऑक्टोबरच्या बैठकीत काय करणार आहेस ते सांगायचंस. आमचं मागणं फार नाही. बाहेरून आलेल्या पैशांनी आधी पोराचं कमी पडतंय ते भरावं, कर्ज हलकं व्हावं, आणि मगच कॉलेजने आपल्या मदतीला हात लावावा. तू एकटा हात वर करशील आणि हरशील, असंही होईल. हरलास तरी घरी ये, जेवायला मिळेल. हात वर केला नाहीस तर मात्र मिळणार नाही.

सांगून झालं की वल्हं घ्यायचं आणि ढवळायचं. तळापासून, नाहीतर लागतं. दुपारपर्यंत. तुझ्या पाठीला झेपेल तेवढं, मग मी आहे, माझा गुडघा आहे.

येताना तोच राखाडी कोट घालून ये, बैठकीला घालतोस तो. धूर लागू दे त्याला चांगला. आणि ऑक्टोबरपर्यंत धुवायला टाकू नकोस.

वाट बघते आहे,
तुझी ताई,
डेल